पातळ सोलचे, सपाट, पुढून रुंद बूट: पळायला, जिमला, रोजच्या वापराला (अनुभव आणि माहिती)

माळरान, परभणी

मंडळी, नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवसाचे पाच-सहा तास फरशीवर उभं राहणं, पहाटे कृषी विद्यापीठाच्या आवारात चालणं-पळणं, संध्याकाळी जिम. या तिन्हींसाठी गेलं वर्षभर पातळ सोलचे सपाट बूट वापरतोय. आपल्या भागात याविषयी दोनच मतं ऐकू येतात. एक, "अनवाणी पळाल्यासारखंच पळायचं तर एवढे पैसे कशाला घालवायचे?" दुसरं मोबाईलवरचं, की हे बूट घातले की गुडघे, कंबर, सपाट तळवा, सगळं बरं होतं. दोन्हींमुळं माणसाचं नुकसान होतं असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून 'मिनिमलिस्ट' बुटाची व्याख्या ठरवली. पायाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी ढवळाढवळ करणारा बूट, हा तिचा गाभा. त्यासाठी पाच गोष्टी बघायच्या: बुटाचं वजन, सोलची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक (याला ड्रॉप म्हणतात), बूट किती वाकतो-पिळतो, आणि पाय एका रेषेत धरून ठेवणारे कडक भाग आत घातलेत का. नेहमीच्या पळायच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. यांत ती शून्य किंवा शून्याच्या जवळ.

या पाचात एक गोष्ट आलेली नाही आणि मी तिला सगळ्यात वर ठेवतो: बोटांना जागा. कोऱ्या कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढा, कापा आणि तो कागद तुमच्या रोजच्या बुटात सरकवून बघा. कडा दुमडल्या तर तुमची बोटंही दिवसभर तशीच दुमडलेली असतात. अंगठा आत वळलेला असणं, करंगळीला घट्टा, नखं काळी पडणं, यांतलं बरंचसं तिथूनच येतं. सोल पातळ नसला तरी चालेल, पण बूट पुढून रुंद हवा, या मतावर मी आलोय. झिरो ड्रॉप आणि भरपूर गादी असलेले रुंद बूटही मिळतात, अल्ट्रा कंपनीचे तसे आहेत. चाळिशीच्या पुढं सुरुवात करणाऱ्याला ते जास्त सोयीचे.

आता मला इथल्या लोकांचं ऐकायचंय. आपला उन्हाळा, काटे, काळी माती यांत तुमचं काय जमलं, काय नाही?

---

मांजराकाठ, औसा

सर, आमच्या आज्ज्यानं जन्मभर टायरच्या चपला घातल्या. सपाट, पुढं बोटं मोकळी, मागं पट्टा. पण पातळ म्हणाल तर नव्हत्या, आणि ते मुद्दामच. सराट्याचा काटा पातळ रबरातून आरपार येतो. तुरीचं नाहीतर पऱ्हाटीचं धसकट तर चांगल्या बुटाचा सोल फाडून पायात घुसतं. शेतात ही शहरातली फॅशन चालत नाही हे आधी लिहा. रात्री पाणी द्यायला जाताना गमबूटच पाहिजे, साप-विंचवाला दुसरा इलाज नाही. पावसाळ्यात काळ्या रानात कोणताही बूट घाला, चार पावलांत किलोभर चिखल चिकटतो, तवा आम्ही अनवाणीच चालतो. पण त्यालाही आता आमच्या गावच्या डॉक्टरीणबाई नको म्हणतात. ओल्या मातीतून जंत पायाच्या कातडीतून आत शिरतात म्हणे.

बाकी बोटांच्या जागेचं खरंय. आमच्या वयाच्या लोकांचे पंजे बघा आणि शहरात वाढलेल्या पोरांचे बघा.

---

माळरान, परभणी

दादा, बरोबर. शेताचा मुद्दा पहिल्या पोस्टमध्येच घ्यायला हवा. जंताचंही खरं आहे, हूकवर्मच्या अळ्या तळव्याच्या कातडीतूनच शिरतात.

टायरच्या चपलेवरून सांगतो. मेक्सिकोतल्या डोंगराळ भागात रारामुरी लोक लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध आहेत. तेही जुन्या टायरचा तुकडा आणि चामड्याची दोरी यांची चप्पल घालून पळतात. आज परदेशात महाग विकल्या जाणाऱ्या 'बेअरफूट सँडल' त्याच धर्तीवर निघाल्या.

---

दुधना, जालना

जिमपुरतं लिहितो. जाड गादीच्या बुटात वजन उचलायला उभं राहिलं की पाय डगमगतो, कारण खालचा फोम दबत राहतो. डेडलिफ्टला (जमिनीवरचं वजन उचलायला) सपाट, कडक, पातळ सोल सगळ्यात चांगला. वजन उचलायची उंचीही तेवढीच कमी होते. हजारो रुपये घालायची गरज नाही. कुस्तीचे बूट किंवा साधे कॅनव्हासचे पीटीचे बूट पुरतात, फक्त कॅनव्हास पुढून निमुळता असतो, एक नंबर मोठा घ्या.

स्क्वॉटचं (वजन घेऊन उठाबशा) मात्र वेगळं आहे. ऑलिंपिक वेटलिफ्टर जे बूट घालतात त्यांची टाच कडक आणि मुद्दाम उंच केलेली असते, म्हणजे झिरो ड्रॉपच्या बरोबर उलट. ज्याचा घोटा पुढं वाकत नाही त्याला सपाट बुटात खाली बसताना टाच उचलावी लागते आणि कंबर गोल होते. आपल्याकडं उकिडवं बसायची सवय असलेल्यांना ही अडचण कमी येते. खुर्चीवर आयुष्य गेलेल्यांनी आधी घोटा मोकळा करावा.

---

फिजिओताई, छत्रपती संभाजीनगर

चर्चा चांगली चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बूट बदलल्यानं पायावरचा भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. उंच टाचेच्या गादीवाल्या बुटात बहुतेक जण टाच आधी टेकवतात आणि गुडघ्यावर जास्त ताण येतो. पातळ बुटात किंवा अनवाणी पळताना बरेच जण आपोआप चवड्यावर किंवा सपाट पाऊल टाकतात, पावलं छोटी आणि जलद होतात. २०१० साली 'नेचर'मध्ये यावर गाजलेला अभ्यास आला होता. गुडघ्याला थोडी विश्रांती मिळते, पण तो भार पोटरी, टाचेमागची शीर (अकिलीस) आणि चवड्याची लांब हाडं उचलतात. वर्षानुवर्षं गादीत राहिलेले हे भाग त्याला तयार नसतात.

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. हाडाला आणि शिरेला कितीतरी जास्त वेळ लागतो. सगळी फसगत इथं होते. माणसाला तिसऱ्या आठवड्यात मस्त वाटायला लागतं, तो अंतर वाढवतो आणि चवड्याच्या हाडाला बारीक चीर जाते. २०१३ मध्ये अमेरिकेत मुरलेल्या धावपटूंना दहा आठवड्यांत प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या पातळ बुटांकडं वळवून बघितलं. त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. तेही हळूहळू वाढवायला सांगितलेलं असताना.

आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात लोकांनी सहा महिने रोजच्या व्यवहारात पातळ बूट घातले, पळापळी वेगळी नाही. पायाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पळण्यापासून सुरुवात करू नका, चालण्यापासून करा. घरात, दुकानात जाताना, ऑफिसात. पहिले दोन-तीन महिने पळायला जुनेच बूट ठेवा. मग पळण्याच्या शेवटी काही मिनिटं, मातीवर.

पोटरी दुखणं चालतं, एक-दोन दिवसांत जातं. पावलाच्या वरच्या बाजूला बोटानं दाबल्यावर एकाच हाडावर दुखलं तर थांबा आणि दाखवा. तिथं "सहन करू, सवय होईल" चालत नाही.

---

बालाघाट, बीड

ताई, हे शेवटचं वाक्य आमच्या पोरांना पाठ करायला लावतो.

मी पोलीस भरतीच्या पोरापोरींची तयारी घेतो. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर आणि दोघांना १०० मीटर. निम्मी पोरं अनवाणी पळायलेत, काही हौसेनं, बहुतेक बूट परवडत नाहीत म्हणून. खेड्यात अनवाणी वाढलेल्या पोराला मी कधी रोखत नाही, त्याचे पाय तयार असतात. धोका त्याला, जो बारावीपर्यंत लातूरला क्लास आणि होस्टेलमध्ये बसून होता आणि आता सोबत्याचं बघून डांबरी रस्त्यावर अनवाणी पळायला लागतो. महिनाभरात नडगी धरून बसतो. मागच्या भरतीच्या ऐन तोंडावर एका चांगल्या पोराला पायाला प्लास्टर घालून घरी बसावं लागलं. वर्ष गेलं त्याचं.

पोरं मला आबेबे बिकिलाचं उदाहरण देतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. मी त्यांना पुढचंही सांगतो. १९६४ ला टोकियोत तोच माणूस बूट घालून पळाला आणि २ तास १२ मिनिटांत जिंकला. आपले अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य घेतलं ते मात्र स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून. लहानपणच्या मातीनं पाय घडवले, स्पर्धेत जे लागतं ते पायात घातलं. दोन्हीत भांडण नाही.

माझ्या मैदानावर आठवड्यातून दोनदा, पळून झाल्यावर, मातीवर अनवाणी छोट्या धावा. बाकी सराव बुटात. डांबरावर अनवाणी कुणालाच नाही.

---

गंजगोलाई, लातूर

माझे बाबा ६४ वर्षांचे, साखर पंधरा वर्षांपासून. त्यांना कुणीतरी सांगितलं की अनवाणी गवतावर चाललं की नसा जाग्या होतात, आणि आता पातळ बुटाचा व्हिडिओ बघून तेच मागतायत. दर नवरात्रात तुळजापूरला अनवाणी जायचं त्यांचं व्रत आहे. तळव्याला मुंग्या येतात, कधीकधी चप्पल निसटलेली कळत नाही. काय करू?

---

फिजिओताई, छत्रपती संभाजीनगर

ताई, बाबांना पातळ बूट नको आणि अनवाणी तर मुळीच नको. घरातसुद्धा नको.

चप्पल निसटलेली कळत नाही याचा अर्थ तळव्याची संवेदना गेलेली असण्याची दाट शक्यता. पातळ बुटाचा सगळा फायदाच मुळात जमीन जाणवण्यावर उभा आहे. जाणीवच नसेल तर राहतो फक्त धोका. खडा टोचलेला कळत नाही, देवळाच्या तापलेल्या दगडी फरशीनं भाजलेलं कळत नाही, फोड फुटतो, जखम चिघळते. साखरेच्या रुग्णांचे पाय अशाच साध्या जखमांतून कापावे लागतात.

या आठवड्यातच तपासणी करून घ्या. तळव्याला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून जाणीव बघतात, त्याला मोनोफिलामेंट चाचणी म्हणतात. दोन मिनिटांचं काम आहे. इथल्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विचारा. संवेदना कमी निघाली तर एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर वर्षानुवर्षं काम केलं. दुखणं कळलं नाही म्हणून पाय झिजतो, हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. मऊ रबराच्या पादत्राणांची आपल्याकडची परंपरा त्या कामातूनच पुढं आली. रोज रात्री तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा.

व्रताचं तुम्ही घरचे आणि देवस्थानचे पुजारी बोलून ठरवा. एक मुलगी म्हणून सांगते, देवी पाय मागत नाही.

---

गंजगोलाई, लातूर

सोमवारी घेऊन जाते. बाबांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, गप्प ऐकून घेतली. आभार.

---

खो_दे, धाराशिव

मी शाळेत खो-खो शिकवते. आमच्या जिल्ह्यात पोरी मातीच्या मैदानावर वाढतात. इथल्याच खो-खोपटू सारिका काळेंना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून तर गावोगाव पोरी मैदानावर यायलेत. खेळताना क्षणात दिशा बदलायची असते, उंच सोलवर घोटा मुरगळतो. पातळ, सपाट, चांगली पकड असलेला बूट इथं खरंच कामाचा.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. 'लेडीज' म्हणून विकले जाणारे बूट पुढून निमुळते असतात. पंजा रुंद असेल तर सरळ जेंट्सच्या मापातला बूट घालून बघा. दुकानदार नाही म्हणतात, तरी मागा. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हाचं माप खरं. आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवा, त्यावर उभ्या राहा. बोटं बाहेर सांडली तर तो बूट तुमचा नाही. आणि दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचा एक मोठा असतो.

टाचदुखीवर कुणी लिहिलं नाही. स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर तासन् तास अनवाणी उभ्या असणाऱ्या आमच्या घरच्या बायकांची सकाळची पहिली पावलं बघवत नाहीत.

---

फिजिओताई, छत्रपती संभाजीनगर

टाच खूप दुखत असताना पातळ सोल सुरू करू नये. आधी घरात मऊ चप्पल, आणि व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये यावर अभ्यास झालाय, नुसत्या ताणण्यापेक्षा तीन महिन्यांनी जास्त फरक दिसला. दुखणं ओसरल्यावर मग रुंद, सपाट बूट, आणि तेही थोडा थोडा वेळ.

---

दुधना, जालना

कोल्हापुरी चपलेचं काय? सपाट आहे, नैसर्गिक चामडं आहे. माझा भाऊ म्हणतो, आपली मिनिमलिस्ट चप्पल तीच.

---

माळरान, परभणी

भाऊ, सपाट आहे हे खरं, पण नवी कोल्हापुरी वाकत नाही आणि मागं पट्टा नसतो. मागं पट्टा नसलेली कोणतीही चप्पल, हवाई स्लिपरसुद्धा, पायात धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. दिवसभर ते केलं तर बोटांची सवय बिघडते. जरा वेळ घालायला सुंदर, चार किलोमीटर चालायला नाही. मागे पट्टा असलेली सपाट सँडल हा आपल्या हवेला सगळ्यात योग्य पर्याय आहे. मी इथल्या एका कारागिराकडून रबरी शीटची सँडल करून घेतली, कागदावर पायाची रेषा काढून. महागड्या परदेशी सँडलच्या पाव किमतीहूनही कमीत बसली. हे कारागीर माप घेऊन काम करतात आणि आपण त्यांच्याकडं फक्त तुटलेला पट्टा शिवायला जातो, याचं मला वाईट वाटतं.

उन्हाचं माझं मत: एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना दुपारी पातळ सोल डांबरावर नेऊ नये. चटका सरळ वर येतो. त्या दिवसांत रोजच्या वापराला १०-१२ मिलिमीटरचा सोल, पण सपाट आणि रुंदच.

---

मांजराकाठ, औसा

सर, त्या कारागिराला विचारा, सोलला खालून टायरचा थर लावून देतील का. बांधावरून फिरायला होईल. सराट्याचं भ्या नाही मग.

---

सिंदफणा, माजलगाव

धागा पहिल्यापासून वाचला. माझा मुलगा सात वर्षांचा, तळवा सपाट आहे. दुकानदारानं कमान असलेले महागडे बूट सुचवलेत. शाळेला काळे बंद बूट लागतातच. काय घ्यावं?

---

फिजिओताई, छत्रपती संभाजीनगर

लहान मुलांचा तळवा सपाट दिसणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं, कमान वाढत्या वयात तयार होते. त्याला टाचा वर करून चवड्यांवर उभं करा. तेव्हा कमान दिसली आणि दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही, कमानीच्या बुटाची गरजही नाही. कमान तेव्हाही दिसली नाही, पाय कडक वाटला किंवा दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

१९९२ मध्ये कर्नाटकातल्या दोन डॉक्टरांनी २,३०० मुलांचे पाय तपासले होते. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवा ८.६ टक्के, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत सर्वांत जास्त, चप्पल-सँडलवाल्यांत त्याहून कमी. एवढ्यावरून बुटामुळंच सपाट तळवा होतो असं ठामपणे म्हणता येत नाही, पण मुलाला घरी आणि स्वच्छ अंगणात अनवाणी खेळू द्यायला हे पुरेसं कारण आहे.

शाळेच्या बुटाचं: हातानं सहज वाकणारा, सपाट, पुढून गोल. उभं करून अंगठ्यापुढं तुमच्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते दर तीन महिन्यांनी बघा. "पुढच्या वर्षी पुरतील" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, पाय आत घसरतो. आणि मोठ्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नका, त्यांना आधीच्या पायाचं वळण पडलेलं असतं.

---

माळरान, परभणी

मांजराकाठ दादा, विचारलं. टायरचा थर लावून देतील, पण सोल कमी वाकेल असं म्हणाले. तुमच्या पायाची रेषा कागदावर काढून फोटो पाठवा, दोन्ही पायांची. सोबत सहा इंची पट्टी ठेवून काढा, म्हणजे माप चुकणार नाही.